शिष्यवृत्तीचा शोध कॉलेजांच्या यादीपासून

प्रश्न : मी अमेरिकेत अकरावीत शिकते. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षांपूर्वी येथे आलो. बाबा एच-१बी व्हिसावर आहेत, आई आणि मी त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या एच-४ व्हिसावर; चार वर्षांचा भाऊ येथेच जन्मला, त्यामुळे तो नागरिक आहे. माझा जीपीए (शालेय गुणांची सरासरी) ३.९ आणि एसएटी या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचे गुण १४३० आहेत. कॉलेजच्या खर्चाचा विषय निघाला की बाबा गप्प होतात. घरात एकच पगार आहे आणि त्यातून भारतातल्या फ्लॅटचे हप्ते आणि आजीच्या औषधपाण्याचा खर्चही भागवावा लागतो. गेल्या चार महिन्यांत मी शिष्यवृत्ती शोधून देणाऱ्या तीन संकेतस्थळांवर नाव नोंदवले, चौदा अर्ज केले, पण एकही शिष्यवृत्ती मिळाली नाही. निम्म्या अर्जांत तर नागरिकत्वाची अट अगदी शेवटच्या पानावर निघाली. आता आईच्या ओळखीतल्या एका सल्लागाराने १,२०० डॉलर भरल्यास शिष्यवृत्तीची हमी देतो असे सांगितले आहे. माझे कुठे चुकते आहे? आणि निबंधात व्हिसाबद्दल लिहावे की लिहू नये?

उत्तर :

तुझे पत्र मी दोनदा वाचले. अकरावीचा अभ्यास सांभाळून चौदा अर्ज भरणे ही लहान गोष्ट नाही, आणि त्यातला एकही फळला नाही म्हणून तू स्वतःला दोष देऊ नयेस. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्यांना परतफेड करावी न लागणारी जी मदत मिळते, तिचा फार मोठा भाग सरकारकडून आणि खुद्द कॉलेजांकडून येतो. तू ज्यांच्या मागे चार महिने धावलीस त्या खासगी संस्थांच्या शिष्यवृत्त्यांचा वाटा या दोहोंच्या मानाने लहान आहे, आणि त्यातही ज्यांची नावे प्रत्येक संकेतस्थळावर झळकतात त्यांच्यासाठी देशभरातून अर्ज येतात. सरकारी मदतीचे दार तुला सध्या बंद आहे, त्याचे कारण पुढे सांगते. उरतात ती कॉलेजे. म्हणून माझा सल्ला असा की पुढचे काही महिने शिष्यवृत्त्यांचा शोध बाजूला ठेव आणि कॉलेजांचा शोध सुरू कर, कारण अर्ज कोठे करायचा हे ज्या दिवशी ठरेल त्याच दिवशी तुझ्या चार वर्षांच्या खर्चाचे गणित बव्हंशी ठरलेले असेल.

आधी व्हिसाचा प्रश्न संपवू, कारण नागरिकत्वाची अट शेवटच्या पानावर सापडून झालेला मनस्ताप त्यातूनच आला आहे. फॅफ्सा या अर्जावरून मिळणारी फेडरल सरकारची मदत, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करावी लागणारी पेल ग्रँट (२०२५-२६ या वर्षासाठी तिची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर), विद्यार्थ्यांसाठीची सरकारी कर्जे आणि कॉलेजमधले वर्क-स्टडीचे काम, ही नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासितांसारख्या मोजक्या गटांनाच मिळते. एच-४ त्यात बसत नाही. बाबांनी इतकी वर्षे कर भरला, तू माध्यमिक शिक्षण येथेच घेतलेस, या गोष्टी न्याय्य वाटल्या तरी त्या अर्जात मोजल्या जात नाहीत. मात्र एक बारकावा बहुतेक आपल्या घरांत उलटा समजला जातो : पात्रता पाहिली जाते ती विद्यार्थ्याची, आईवडिलांची नव्हे. तुझा भाऊ मोठा होईल तेव्हा आईबाबांचा व्हिसा कोणताही असला तरी त्याला हा अर्ज करता येईल. तुमचे ग्रीन कार्ड तुझे कॉलेज सुरू असताना हातात आले, तर तुलाही त्या वर्षापासून फॅफ्सा भरता येईल, तेव्हा ही शक्यता विसरून जाऊ नकोस.

आता कॉलेजांकडे वळू. कॉलेज स्वतःच्या निधीतून दोन निरनिराळ्या कारणांसाठी पैसे देते, आणि हा भेद लक्षात न आल्यामुळे हुशार मुलांचीही यादी चुकते. एक मदत कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर दिली जाते, दुसरी विद्यार्थ्याच्या गुणवत्तेवर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि त्यांच्या आयव्ही लीग या नामांकित गटातली उरलेली पाच विद्यापीठे गुणवत्तेसाठी एक डॉलरही देत नाहीत. तिथे जी मदत आहे ती सगळी गरजेनुसार. 'इतके गुण आहेत, म्हणजे आयव्ही लीगमध्ये शिष्यवृत्ती मिळेल' हे वाक्य मी अनेक घरांतून ऐकले आहे आणि त्यात तथ्य नाही. उलट गरजेची मदत या विद्यापीठांत इतकी भरघोस असते की मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला ती गावाजवळच्या सार्वजनिक विद्यापीठापेक्षाही स्वस्त पडू शकतात.

तुझ्यासाठी यात आणखी एक गाठ आहे. एच-४ वरच्या विद्यार्थिनीने येथल्याच शाळेतून बारावी केली असली, तरी पुष्कळ खासगी कॉलेजे आर्थिक मदतीच्या हिशेबात तिला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात. अशा विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचा निर्णय घेताना मदतीची मागणी विचारात न घेणारी आणि प्रवेश दिल्यावर पूर्ण गरज भागवणारी कॉलेजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, आणि २०२२ पासून डार्टमथ व बोडन ही त्यांपैकी ठळक नावे. यांपैकी कोठेही प्रवेश मिळणे किती अवघड आहे हे तुला मी सांगायला नको. बाकीच्या बहुतेक कॉलेजांत मदत मागणाऱ्या आंतरराष्ट्रीय अर्जदाराला प्रवेशाच्या पायरीवरच अधिक कडक चाळणी लागते. त्यामुळे गरजेच्या मदतीवर विसंबून यादीत दोनतीन नावे जरूर ठेव, पण सगळी यादी त्यावर उभी करू नकोस.

तुझी खरी संधी मला गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्यांत दिसते, आणि त्या सर्वांत नामांकित कॉलेजांत नव्हे, तर त्यांच्या खालच्या फळीत मिळतात. ज्या कॉलेजला तुझ्यासारखी विद्यार्थिनी आपल्याकडे यावी असे मनापासून वाटते, तेच कॉलेज तुझ्यासाठी पैसे खर्च करते; जिथे प्रत्येक दुसऱ्या अर्जदाराचे गुण तुझ्याइतकेच आहेत तिथे त्याला तसे करण्याचे कारण नसते. म्हणून कॉलेजच्या प्रवेशित विद्यार्थ्यांचे गुण पाहा आणि वरच्या चतुर्थांशात तू बसतेस अशी चारपाच नावे काढ. काही सार्वजनिक विद्यापीठे, उदाहरणार्थ अलाबामा विद्यापीठ, जीपीए आणि परीक्षेतले गुण यांचा तक्ताच जाहीर करतात आणि त्या तक्त्यानुसार रक्कम आपोआप ठरते, वेगळा निबंध लागत नाही. अशा तक्त्यांत १४३० आणि १४५० यांच्यामध्ये कधी कधी एक संपूर्ण पायरी असते. ऑगस्टमध्ये एसएटी पुन्हा द्यायची का, हा प्रश्न तू प्रतिष्ठेचा न मानता हिशेबाचा मानावास : तुझ्या यादीतल्या कॉलेजांचे तक्ते समोर ठेव, पुढची पायरी तीस गुणांवर असेल तर परीक्षा दे, दीडशे गुणांवर असेल तर तोच वेळ दुसरीकडे लाव.

याच्या वरच्या पायरीवर संपूर्ण खर्च उचलणाऱ्या काही नावाजलेल्या शिष्यवृत्त्या आहेत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची मोअरहेड-केन ही त्यांतली सर्वांत जुन्यांपैकी एक, १९४५ साली सुरू झालेली. व्हर्जिनिया विद्यापीठाची जेफर्सन शिष्यवृत्तीही प्रसिद्ध आहे, पण तिच्यासाठी शाळेने नामांकन करावे लागते, आणि ते नामांकन शाळेत आधीच दुसऱ्या कोणाचे ठरले असेल तर तुझी पात्रता तिथेच संपते. अशा शिष्यवृत्त्यांच्या तारखा प्रवेशाच्या नेहमीच्या तारखांपेक्षा बऱ्याच आधी येतात. काही कॉलेजांत तर गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीसाठी विचार व्हायचा असेल तर प्रवेशाचा अर्जच लवकरच्या फेरीत द्यावा लागतो; सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ही तारीख १ नोव्हेंबर आहे. जानेवारीच्या मुदतीपर्यंत थांबणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो, पण शिष्यवृत्तीची रांग तोवर बंद झालेली असते, आणि ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही.

तुझ्या राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठाला बाबांचा कल असल्याचे तू लिहिले नाहीस, पण तो असणार असे मी धरून चालते, आणि तो चुकीचा नाही. राज्याच्या रहिवाशांसाठीचे शिक्षणशुल्क हीच अनेक कुटुंबांना मिळणारी सर्वांत मोठी सवलत असते. एच-४ वरच्या विद्यार्थ्याला रहिवासी धरायचे की नाही, हे प्रत्येक राज्य आपापल्या नियमाने ठरवते. पुष्कळ राज्यांत ते धरले जाते. तू मात्र एक पुढचा प्रश्नही विचारायला हवास. वयाच्या एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. त्याआधी ग्रीन कार्ड आले नाही तर तुला बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागेल, आणि तेव्हा तू कॉलेजच्या तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षात असशील. व्हिसा बदलल्यावर रहिवाशाचा दर आणि शिष्यवृत्ती दोन्ही तशीच राहतील का, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घे. चार वर्षांच्या खर्चाचा अंदाज दोन वर्षांनंतर कोलमडण्याचे हे कारण आपल्या समाजात नेहमी घडणारे आहे आणि त्याची तयारी फार थोडी घरे करतात.

राज्याबाहेरची सार्वजनिक विद्यापीठे नेहमीच महाग असतात असेही नाही. पश्चिमेकडच्या राज्यांत वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज ही योजना आहे. तिच्यात भाग घेणाऱ्या विद्यापीठांत सहभागी राज्यांतल्या विद्यार्थ्यांना स्थानिक शुल्काच्या जास्तीत जास्त दीडपट शुल्क पडते. मध्य-पश्चिम आणि दक्षिणेकडच्या राज्यांत अशाच स्वरूपाच्या योजना आहेत. प्रत्येक विद्यापीठ आणि प्रत्येक अभ्यासक्रम त्यात नसतो, म्हणून यादी पाहूनच पुढे जावे.

आता ही कॉलेजे शोधायची कशी? कॉलेजच्या जाहिरातीत छापलेल्या किमतीवरून काहीही ठरवू नकोस. फेडरल मदत स्वीकारणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा अंदाज देणारा गणक ठेवावा लागतो. त्यात कुटुंबाचे उत्पन्न आणि मालमत्ता भरली की साधारण किती रक्कम प्रत्यक्ष भरावी लागेल ते कळते. तुझ्या बाबतीत या गणकाला एक मोठी मर्यादा आहे : तो नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी केलेला असतो, आणि तुला आंतरराष्ट्रीय धरणाऱ्या कॉलेजात त्याचे उत्तर लागू पडत नाही. म्हणून तुला मी दुसरे एक साधन सुचवते, जे विद्यार्थी फारसे वापरत नाहीत. पुष्कळ कॉलेजे दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा एक ठरावीक नमुन्यातला तक्ता प्रसिद्ध करतात. कॉलेजचे नाव आणि हे शब्द एकत्र टाकून शोधलेस की तो सापडतो. त्यातला एच हा विभाग आर्थिक मदतीचा आहे. आर्थिक गरज नसतानाही किती विद्यार्थ्यांना कॉलेजने शिष्यवृत्ती दिली आणि सरासरी किती रकमेची दिली, हे तिथे एच२ए या ओळींत आकड्यांनी लिहिलेले असते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना मदत मिळते का आणि मिळाल्यास किती, ते एच६ मध्ये. एका दुपारी वीस कॉलेजांची ही दोन ठिकाणे वाचलीस, तर शोध-संकेतस्थळांवर घालवलेल्या चार महिन्यांत कळले नाही तेवढे तुला कळेल. दिसायला तो तक्ता रुक्ष आहे हे मान्य, पण त्यात कॉलेजने आपल्या हाताने लिहिलेली माहिती असते, जाहिरात नसते.

यादी वीसवरून दहाबारावर आली की त्या प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश विभागाला आणि आर्थिक साहाय्य विभागाला एक छोटे पत्र ईमेलने पाठव. मी एच-४ व्हिसावर आहे, अमुक राज्यातल्या हायस्कूलमधून पुढच्या वर्षी बारावी पूर्ण करीन, असे सांगून तीन गोष्टी विचार : प्रवेश आणि आर्थिक मदत यांसाठी तुम्ही मला स्थानिक धरता की आंतरराष्ट्रीय, गुणवत्तेच्या कोणत्या शिष्यवृत्त्यांसाठी माझा विचार होऊ शकतो, आणि शिक्षण चालू असताना माझा व्हिसा बदलला तर त्या शिष्यवृत्तीचे काय होईल. फोनवर विचारू नकोस, किंवा विचारलेस तर तेच उत्तर ईमेलने मागून घे. निरनिराळ्या कॉलेजांची उत्तरे इतकी निरनिराळी येतील की तुला आश्चर्य वाटेल, आणि दोन ठिकाणांहून तर उत्तरच येणार नाही. त्याचीही नोंद ठेव.

गरजेनुसार मदत देणाऱ्या अनेक खासगी कॉलेजांना एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा सीएसएस प्रोफाइल हा अर्ज लागतो. तो तुला भरता येतो आणि त्यासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक असणे आवश्यक नाही. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर शुल्क पडते. फॅफ्सापेक्षा हा अर्ज खोलात शिरतो, आणि भारतातली मालमत्ताही त्यात दाखवावी लागते. फ्लॅटची किंमत लिहिताना त्यावरचे शिल्लक कर्जही लिहायचे असते, हे बाबांना आवर्जून सांग. किंमत लिहून कर्ज विसरणारे लोक मला ठाऊक आहेत. आजीच्या उपचारांचा खर्च कोणत्याही ठरलेल्या रकान्यात बसणार नाही. त्यासाठी विशेष परिस्थिती सांगण्याची जागा असते. तिथे दरमहा किती पैसे पाठवले जातात ते पावत्यांसह साध्या शब्दांत लिहावे. कॉलेज ते मान्य करीलच असे नाही, पण न सांगितलेली अडचण कोणालाच विचारात घेता येत नाही.

येथे बाबांच्या गप्प होण्याबद्दल दोन शब्द. पैशाविषयी मुलीशी बोलणे हे आपल्या पिढ्यांना शिकवले गेलेले नाही, आणि 'जमणार नाही' हे शब्द उच्चारण्यापेक्षा गप्प राहणे वडिलांना सोपे वाटते. त्यांना 'तुम्ही किती देऊ शकाल' असे न विचारता, 'वर्षाला कर्ज न काढता कोणत्या आकड्यापर्यंत आपण जाऊ शकतो' असे विचार, आणि तेही तुझ्याजवळ दहा कॉलेजांचा तक्ता तयार असताना. हा एक आकडा कळला की तुझी अर्धी यादी आपोआप गळेल. तो आकडा आताच कळणे हे पुढच्या एप्रिलमध्ये, प्रवेश मिळाल्यावर, कळण्यापेक्षा कितीतरी कमी दुःखाचे असते.

कॉलेजबाहेरच्या शिष्यवृत्त्या अजिबात सोडाव्यात असे माझे म्हणणे नाही. त्यांचा क्रम बदलावा एवढेच. कोका-कोला स्कॉलर्ससारख्या प्रसिद्ध शिष्यवृत्त्या (दरवर्षी १५० विद्यार्थी, प्रत्येकी २०,००० डॉलर) एच-४ वरच्या विद्यार्थ्यांना खुल्या नसतात, त्यामुळे कोणताही अर्ज उघडताच पहिल्यांदा पात्रतेचे पान वाचायचे, निबंधाचा विषय नंतर. नॅशनल मेरिट स्पर्धा मात्र अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्यांसाठी आहे. अकरावीच्या ऑक्टोबरात तू पीएसएटी (एसएटीची पूर्वपरीक्षा) दिली असशील तर तू तिच्यात आहेसच. सुमारे १६,००० विद्यार्थी उपान्त्य फेरीत निवडले जातात, त्यांची नावे सप्टेंबरात जाहीर होतात, आणि गुणांची रेषा प्रत्येक राज्यासाठी वेगळी असते. तिची स्वतःची एकरकमी शिष्यवृत्ती २,५०० डॉलरचीच आहे. तिचे खरे मोल असे की काही विद्यापीठे अंतिम फेरीतल्या विद्यार्थ्यांना आपल्याकडून फार मोठी रक्कम देतात.

यानंतर जवळच्या शिष्यवृत्त्या पाहाव्यात : तुझ्या शाळेच्या समुपदेशन कार्यालयातली यादी, तालुक्याच्या पातळीवर म्हणता येईल अशी तुमच्या काउंटीची सामुदायिक प्रतिष्ठाने, रोटरीसारखे क्लब, बाबांची कंपनी, तुमची क्रेडिट युनियन (सहकारी पतसंस्था). रकमा पाचशे ते दोन हजार डॉलरच्या असतात आणि दिसायला लहान वाटतात, पण अर्जदार एका शाळेतले किंवा एका काउंटीतले असतात. मी अशाच एका लहान निवड समितीवर काही वर्षे काम केले आहे. आमच्याकडे दरवर्षी येणाऱ्या अर्जांतले कितीतरी शिफारसपत्राअभावी किंवा सहीअभावी बाद व्हायचे, आणि उरलेल्यांत एकच निबंध वीस ठिकाणी पाठवला असल्याचे पहिल्या परिच्छेदात कळायचे, कारण त्यात आमच्या संस्थेऐवजी दुसऱ्याच संस्थेचे नाव राहून गेलेले असायचे. तुझ्या निबंधाचा गाभा एकच असू दे, पण सुरुवात आणि शेवट प्रत्येक वेळी नव्याने लिही.

शोध-संकेतस्थळांवरून रोज येणाऱ्या ईमेलचा उपद्रव तू लिहिला नाहीस, पण तो होत असणार. निबंध नको, गुण नकोत, केवळ नाव आणि पत्ता भरा, असे म्हणणारी शिष्यवृत्ती म्हणजे सोडत असते. तिथे तू देतेस ती तुझी माहिती. तिच्यासाठी वेगळा ईमेल पत्ता काढ, किंवा त्याहून बरे म्हणजे तिकडे जाऊच नकोस.

१,२०० डॉलर मागणाऱ्या सल्लागाराला आईने नम्रपणे नकार द्यावा. शिष्यवृत्ती कोणाला द्यायची हे देणारी संस्था ठरवते, त्यामुळे तिसऱ्या माणसाला तिची हमी देता येतच नाही. ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सावधगिरीच्या ज्या खुणा सांगितल्या आहेत त्यांत 'हमी' आणि 'आधी पैसे' या ठळक आहेत. या फसवणुकीचे प्रमाण इतके होते की २००० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे आईला जड जाईल हे मला समजते. 'मुलीचे कॉलेजांशी थेट पत्र सुरू आहे' एवढे कारण पुरेसे आहे, आणि तोपर्यंत ते खरेही झालेले असेल.

बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्यावर काय होते, हेही आधीच माहीत असलेले बरे. काही कॉलेजे बाहेरून आलेल्या रकमेइतकी स्वतःची मदत कमी करतात, म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती शेवटी काहीच वाढत नाही. मेरीलँडने २०१७ साली आपल्या सार्वजनिक कॉलेजांपुरता या प्रकाराला कायद्याने आळा घातला आणि नंतर आणखी काही राज्यांनी तसे केले, पण सगळीकडे तसे नाही. तुझ्या तीन प्रश्नांच्या ईमेलमध्ये हा चौथा प्रश्न घालायला हरकत नाही. शिवाय शिष्यवृत्तीचा जो भाग शिक्षणशुल्क आणि आवश्यक पुस्तकांवर खर्च होतो त्यावर प्राप्तिकर लागत नाही, राहण्याजेवणावर खर्च होणारा भाग मात्र करपात्र धरला जातो. पूर्ण खर्चाची शिष्यवृत्ती मिळाली तर हे बाबांच्या कर सल्लागाराच्या कानावर घालावे.

अर्ज करताना एका मोहापासून दूर राहा. 'अर्ली डिसिजन' या फेरीत प्रवेश मिळाला तर तिथे जाणे बंधनकारक असते आणि इतर कॉलेजांच्या मदतीशी तुलना करण्याची सोय उरत नाही. ज्यांना खर्चाची काळजी नाही त्यांच्यासाठी ती ठीक आहे. तू 'अर्ली अ‍ॅक्शन' निवड, ज्यात बंधन नसते आणि उत्तर लवकर मिळते.

एप्रिलपर्यंत प्रवेशपत्रांसोबत मदतीचीही पत्रे येतील, आणि उत्तर बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत द्यावे लागेल. ती पत्रे वाचताना वरची मोठी बेरीज पाहू नकोस. कॉलेजे कर्ज, कॅम्पसवरचे काम आणि शिष्यवृत्ती ही सगळी एकाच 'मदत' या शीर्षकाखाली मांडतात. राहणे, जेवण, पुस्तके, आरोग्यविमा आणि प्रवास धरून वर्षाचा पूर्ण खर्च लिही, त्यातून परतफेड करावी न लागणारी रक्कम तेवढी वजा कर, आणि उरलेला आकडा बाबांनी सांगितलेल्या आकड्याशेजारी ठेव. शिष्यवृत्ती चारही वर्षांची आहे का, आणि टिकवण्यासाठी कॉलेजमध्ये किती जीपीए लागतो, हे त्याच कागदावर नोंदव. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात ३.५ राखणे हे हायस्कूलमधल्या ३.९ पेक्षा अवघड असू शकते, म्हणून थोडी कमी रक्कम पण सौम्य अट असलेली शिष्यवृत्ती मी अधिक चांगली मानते. एखाद्या आवडत्या कॉलेजची मदत दुसऱ्यापेक्षा थोडक्यात कमी पडत असेल, तर दुसऱ्याचे पत्र जोडून फेरविचाराची विनंती करता येते. ती विनम्र आणि आकड्यांसह असावी.

राहिला निबंधाचा प्रश्न. अर्जात नागरिकत्व आणि व्हिसा यांची माहिती विचारलेलीच असते, त्यामुळे वाचणाऱ्याला ती आधीच ठाऊक असते. तीच गोष्ट मुख्य निबंधात तक्रारीच्या सुरात पुन्हा सांगितली, तर तू कोण आहेस हे सांगण्याची जागा वाया जाते. व्हिसामुळे तुझ्या हातून एखादी गोष्ट घडली असेल, जसे आईची कागदपत्रे भरता भरता तू शेजारच्या कुटुंबांचीही भरून देऊ लागलीस, तर ती जरूर लिही, कारण मग तो निबंध तुझ्याविषयी असतो. एरवी अतिरिक्त माहितीच्या रकान्यात दोन ओळी पुरेत : मी एच-४ वर असल्यामुळे मला पगारी नोकरी करता आली नाही, म्हणून माझ्या उन्हाळ्यांत कामाचा अनुभव दिसणार नाही, त्या उन्हाळ्यांत मी काय केले ते खाली दिले आहे. आणि त्याखाली ते लिही.